चौसष्ट नंबर

कॉलेजच्या तीन वर्षांचे एकोणतीस फोटो माझ्याकडे आहेत.
नरसिंग चिलवेरी त्यातल्या सव्वीसांत आहे,
सगळ्यांत पाठमोरा.
चौसष्ट. सहाचं पोट धुवून धुवून उसवलेलं.

हत्तुरे सरांनी पुण्याच्या शिबिरातून आणला होता
एक लांबुळका चेंडू, वहीभर नियम
आणि अकरा जणांत सात हेल्मेटं.
मी सडपातळ, लांब हातांचा, म्हणून फेकायला.
नरसिंगला सरांनी पायापासून वर एकदा पाहिलं.
तू उभा राहा.
कुठं, सर?
याच्या पुढं.
आणि?
आणि काय, उभा राहा की बे.

त्यानं धावायचं नाही, झेलायचं नाही.
समोरच्याला हातांनी धरायचंही नाही,
धरलं की पंचाचा पिवळा रुमाल मातीत पडतो
आणि भोंग्यातून नंबर येतो : चौसष्ट.
चुकला तेव्हाच तो ऐकू आला,
तीन वर्षांत पाच वेळा.

विडी घरकुलात त्याची आई मांडीवर सूप घेऊन बसलेली असायची.
एन्नि? म्हणायची. किती केलेस?
सुन्ना.
मागच्या खेपेला?
सुन्ना.
मग माझ्याकडे हनुवटी करून, हा करतो?
हा करतो, अम्मा.
ती परत सुपात बघायची.
पानं भिजलेली, थांबून भागत नव्हतं.
मी शेंगाचटणीत तेल घालून घ्यायचो, अजून थोडं,
मान खाली घालून.

रात्री तो बापाच्या चार मागांवर.
टॉवेलांच्या खडखडाटात डावा कान आधीच गेलेला,
माझी हाक त्याच्यापर्यंत पोचायची नाही.
मग आम्ही ठरवलं :
मी टाच दोनदा आपटायची.
मातीतून त्याला कळायचं.
एप्रिलमध्ये मैदान तापून विटेसारखं व्हायचं
तेव्हा तर लगेच कळायचं.

मला दीड सेकंद लागायचा. वारा असला तर दोन.
तो दीड सेकंद नरसिंग कुठून आणतो
हे मी विचारलं नाही.
फक्त आवाज यायचा,
भरलेलं पोतं ट्रकमधून टाकावं तसा,
आणि त्यानंतर त्याचा श्वास.
तोवर माझा चेंडू हवेत गेलेला असायचा
आणि सगळं मैदान वर बघत असायचं.

जळगावला माझ्या हातातून तो निसटला.
असा चेंडू सरळ घरंगळत नाही,
माथेफिरू कोंबडीसारखा कुठंही उडतो.
नरसिंग त्याच्यावर पडला,
त्याच्यावर बाकीचे, किती ते मोजलं नाही.
ढीग उपसला तेव्हा उजवा गुडघा भलतीकडे वळलेला
आणि चेंडू पोटाशी, दोन्ही हातांत.
तीन वर्षांत पहिल्यांदा.
सोड रे आता, सर म्हणाले.
त्यानं सोडला नाही.
मग सरांनी बोटं एकेक करून उघडली,
आमच्याकडे चेंडू तेवढा एकच होता.
हरलोच. वीस-सहा.

माझ्या प्रमाणपत्रावर उत्कृष्ट खेळाडू,
त्याच्यावर सहभागी.
माझं चौकटीत आहे, क्रीडा कोट्यातल्या नोकरीच्या टेबलामागे.
त्याचं कुठं असेल?
तो आता अक्कलकोट रोडला चादरींचे गठ्ठे बांधतो,
पावसाळी हवेत लंगडतो, एरवी नाही म्हणतो.

यंदा गड्ड्याच्या यात्रेत भेटला.
पाळण्याजवळ मागून एकदम रेटा आला,
माझी धाकटी खांद्यावर, बूट पडलेला, लोक ओरडताहेत,
आणि माझी टाच
दोनदा
आपटली.
खाली डांबर होतं, वर दहा भोंगे.
डांबरातून काही जात नसणार.

तरी तो सरकला. पाय फाकवून, कंबर खाली,
दुखऱ्या गुडघ्यावर भार.
मला परत त्याची पाठ दिसली.
धाकटी वरून विचारत होती,
बाबा, हे काका कोण?
मी बूट शोधत होतो.